हृदयावरील आघात

हृदयाचे ठोके विजेच्या सूक्ष्म लहरींनीं चालतात, हें आपणांस ठाऊक आहेच. पण त्या लहरींवर ताणाचाही परिणाम होतो. हृदयाच्या पेशींच्या आवरणांत कांहीं सूक्ष्म द्वारें असतात. आवरण ताणलें कीं तीं उघडतात, विद्युद्भारित कण आंत शिरतात, आणि ताणांतून वीज उत्पन्न होते.

एका ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठीं सज्ज होत असतें. त्या अवधींतील सुमारें २० सहस्रांश सेकंदांत छातीवर, बरोबर हृदयावर, आघात झाला, तर ठोका नाहींसा होऊन नुसतें कंपन उरतें व रक्ताभिसरण थांबतें. २ जानेवारी २०२३ रोजीं अमेरिकेंतील सिनसिनाटी येथें डमार हॅमलिन हा २४ वर्षांचा फुटबॉलपटू असाच कोसळला. मैदानावरच छाती दाबून व विजेचा झटका देऊन त्याला वाचविण्यांत आलें. त्याच वर्षीं तो पुन्हां खेळला.

क्रिकेटच्या चेंडूनेंही हें घडूं शकतें. चेंडू छातीवर लागून मूल निपचित पडलें व श्वास नीट चालेना, तर पाणी शिंपडण्यांत वेळ दवडूं नका. एकानें रुग्णवाहिका व झटक्याचें यंत्र मागवावें. दुसऱ्यानें तत्क्षणीं छातीच्या मध्यभागीं, मिनिटास १०० ते १२० वेळां, जोरानें दाबीत राहावें. बहुधा हृदय धडधाकट असतें. तुटलेली लय तेवढी जुळवावयाची असते.