ओळखीचा चेहरा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०१६ सालच्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट आहे. आमच्या गावच्या नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. एके संध्याकाळी तीन पुढारी माझ्या घरी आले. तिघांनाही मी ओळखत होतो, पण माझ्या घरचा चहा त्यांनी त्यापूर्वी कधी घेतला नव्हता. त्यातले एक म्हणाले, ‘‘सर, यंदा आपल्या वॉर्डातून तुम्हीच उभं राहायचं. नगराध्यक्षपदाला आम्ही डाळमिलवाल्या शेठजींना देतोय. एकीकडं उद्योगपती, एकीकडं कवी. समोरच्यांकडं आहे काय?’’

माझी पात्रता काय होती? त्या वर्षी टीव्हीवरच्या एका कविसंमेलनात मी वाचलेली कविता मोबाइलवरून बरीच फिरली होती. कॉलेजची पोरं रस्त्यात थांबवून हात मिळवत. दुसरी पात्रता त्यांनी तोंडानं सांगितली नाही, ती माझ्या नावातच होती. आमच्या वॉर्डात मोहल्ल्याची मतं बरीच आहेत. एका उमेदवारात दोन हिशेब बसत होते. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. रात्री झोप येईना. अंधारात मी मनातल्या मनात विजयी सभेतलं भाषणही करून पाहिलं आणि ते मला आवडलं.

सकाळी बायकोला सांगितलं. ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, ‘‘पयले अपने घर का नल कब आता, वो तो मालूम कर लो.’’ नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, आणि नेमकं कधी यायचं हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. धंद्यात पैसा कमावला, पडद्यावर किंवा मैदानावर नाव कमावलं, म्हणून माणूस कारभार करायला लायक ठरतो का?

आपल्याकडचा मतदार समजतो तितका भोळा नाही, हे आधी सांगून टाकतो. माझे अब्बा मन्सूर अली खान पतौडींचे भक्त. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९६२ मध्ये भारताचा कप्तान झालेला हा नवाब. पण १९७१ मध्ये गुडगावला आणि १९९१ मध्ये भोपाळला तो लोकसभेला उभा राहिला आणि दोन्ही वेळा पडला. नंदन निलेकणी यांनी ‘इन्फोसिस’ उभारण्यात मोठा वाटा उचलला, ‘आधार’चं काम पाहिलं. २०१४ मध्ये दक्षिण बंगळुरूत त्यांचा सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी पराभव झाला. म्हणजे नुसतं कर्तृत्व नेहमीच चालतं असंही नाही.

पण चालतं तेव्हा जोरात चालतं. १९८४ मध्ये अलाहाबादला अमिताभ बच्चन यांनी हेमवतीनंदन बहुगुणांसारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवलं, आणि १९८७ मध्ये खासदारकीचा राजीनामा देऊन ते मोकळे झाले. २००४ मध्ये उत्तर मुंबईत गोविंदा जिंकले. हरले कोण, तर राम नाईक. सलग पाच वेळा निवडून आलेले, केंद्रात पेट्रोलियममंत्री असलेले, लोकलच्या प्रवाशांसाठी वर्षानुवर्षं भांडलेले. नाईकांचा पक्ष माझा नव्हे. तरी त्या दिवशी वाईट वाटलं. २००९ मध्ये गोविंदा पुन्हा उभेच राहिले नाहीत.

आता कोणी म्हणेल, सुनील दत्त कोण होते मग? बरोबर आहे. माझाही युक्तिवाद त्यांच्यापाशी येऊन अडतो. फाळणीत झेलमकडून निर्वासित होऊन आलेला हा तरुण. त्या दंगलीत आपल्या कुटुंबाला वडिलांच्या एका मुसलमान मित्रानं वाचवलं, असं ते सांगत. मग रेडिओ सिलोनवर नट-नट्यांच्या मुलाखती घेणारा आवाज, मग ‘मदर इंडिया’. १९८४ मध्ये ते वायव्य मुंबईतून खासदार झाले, आणि २००५ मध्ये वारले तेव्हा केंद्रात युवक आणि क्रीडा खात्याचे मंत्री होते. पण खासदारकीच्या आधीची वर्षं बघा. कलावंतांना गोळा करून ते सीमेवरच्या जवानांपुढं कार्यक्रम करायला जात. नर्गिस कॅन्सरनं गेल्यावर त्यांनी कॅन्सर रुग्णांसाठी संस्था काढली. आणि खासदार झाल्यावरही, १९८७ मध्ये पंजाब जळत असताना हा माणूस मुंबईहून अमृतसरपर्यंत चालत गेला. सुमारे दोन हजार किलोमीटर, अठ्ठ्याहत्तर दिवस, सोबत मुलगी. नटाला पाय सांभाळावे लागतात म्हणतात.

तिकडं दक्षिणेत एम. जी. रामचंद्रन १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले, पण त्याआधी वर्षानुवर्षं ते पक्षात होते, दहा वर्षांपूर्वीच आमदारही झाले होते. त्यांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतल्या जेवणाच्या योजनेवर किती लेकरं शिकली असतील! चिरंजीवींनी मात्र २००८ मध्ये नवा पक्ष काढला, २००९ मध्ये आंध्रच्या २९४ जागांपैकी १८ जिंकल्या आणि २०११ मध्ये पक्षच काँग्रेसमध्ये विलीन केला. पडद्यावर दोघेही मोठेच. फरक मला वाटतो तो पडद्यामागच्या वर्षांचा.

धंदेवाल्यांचं जरा वेगळं आहे. इटलीत सिल्व्हिओ बर्लुस्कोनी या टीव्ही वाहिन्यांच्या मालकानं १९९४ च्या सुरुवातीला पक्ष काढला आणि काही महिन्यांत तो पंतप्रधान झाला. २०१३ मध्ये करचुकवेगिरीची त्याची शिक्षा कायम झाली. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये निवडून आले, तिथं तर धंदा आणि टीव्ही दोन्ही एकाच माणसात. देश कंपनीसारखा चालवू, हे वाक्य आपल्याकडंही टाळ्या घेतं. पण व्यापाऱ्याला तोट्याचा माल बंद करता येतो. नगरपालिकेला शेवटच्या गल्लीतला तोट्याचा नळ बंद करता येत नाही. आणि मालकाला न पटणारा नोकर काढता येतो, विरोधी नगरसेवकाला काढता येत नाही. त्याच्याशी पाच वर्षं बोलावंच लागतं.

आमच्या गावी झालंही तसंच. शेठजी निवडून आले. पहिलं वर्ष त्यांनी गाजवलं, हे कबूल केलं पाहिजे. रस्त्याच्या कामावर स्वतः जाऊन सिमेंटची पोती मोजली, दोन ठेकेदारांची बिलं अडवली. जन्मभर पालिकेत काढलेल्यांना हे कधी सुचलं नव्हतं. पण सर्वसाधारण सभेत कोणी आडवा प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा पडायचा. ‘‘मिलमध्ये मी एकदा सांगितलं की होतं,’’ असं मलाच ते एकदा म्हणाले. पुढं पुढं त्यांनी सभेला येणंच कमी केलं.

माझ्या तिकिटाचं सांगायचं राहिलं. मला तिकीट द्यायचं म्हणजे कोणाचं तरी कापायचं होतं. ते आमच्या वॉर्डाचे दोन वेळचे नगरसेवक, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे चाचा. शिक्षण चौथी. मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा ते पंक्चर काढत होते. बातमी त्यांना आधीच लागली होती. हात पुसून त्यांनी खोक्यातून एक वही काढली. कोणत्या विधवा बाईचा निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये कुठल्या टेबलावर अडकलाय, कब्रस्तानच्या भिंतीची फाइल कोणाकडं आहे, कुठली पाइपलाइन कुठं गळते, सगळं मोडक्या अक्षरात लिहिलेलं. ‘‘सर, तिकीट घ्या. तुम्ही शिकलेले आहात,’’ म्हणाले. ‘‘पण मग ही वहीपण घ्या.’’

मी वही चाळली. पंधरा-वीस पानांत मला माझ्याच गल्लीतली चार माणसं नव्यानं कळली. मी ती परत दिली आणि रात्री पुढाऱ्यांना फोन करून नाही म्हणालो.

यात मी फार मोठं काही केलं असं समजू नका. चाचांचं तिकीट कापलंच गेलं, ते शेठजींच्या पुतण्याला मिळालं आणि तो निवडूनही आला. कधी कधी वाटतं, मी उभा राहिलो असतो आणि वही चाचांकडंच ठेवली असती तर निदान वही तरी पालिकेत पोचली असती. बायकोला हे पटत नाही. ती म्हणते, मी दुसऱ्याच महिन्यात कंटाळलो असतो. ती मला तीस वर्षं ओळखते.

२०२१ च्या अखेरीला त्या पालिकेची मुदत संपली आणि नंतर बराच काळ प्रशासकच कारभार बघत होते. चाचांच्या दुकानापुढं मात्र सकाळी अजून चार-पाच बायका कागद घेऊन उभ्या असतात. नळ सोडणाऱ्या माणसाचा नंबर मी त्यांच्याकडूनच घेतला.