समाजमाध्यमे आणि आपली मुले
(वार्षिक संमेलनातील भाषण)



समाजमाध्यमांनी मुले बिघडली, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. ती अगदीच निराधार नाही. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ साली इशारा दिला की, दररोज तीन तासांहून अधिक काळ या माध्यमांत घालविणाऱ्या किशोरवयीनांना नैराश्य व चिंता यांचा धोका दुप्पट संभवतो. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना तेथे खाती ठेवण्यास कायद्याने मनाई केली.

परंतु घरातील शिस्त केवळ कायद्याने येत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, आणि मुलांच्या अभ्यासासाठी दीड तास लहानथोर सर्वांनीच दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवावा, असे ठरले. यातले मर्म 'सर्वांनीच' या शब्दात आहे. आपल्या हाती मोबाइल आणि मुखी उपदेश, हे मुलांना कसे पटावे?

म्हणून प्रत्येक कुटुंबाने सायंकाळचा एक तास मुलांच्या सहवासात घालवावा. आणि मोबाइल प्रथम वडीलधाऱ्यांनी खाली ठेवावा, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.