नखाचं पंचांग

मृग तोंडावर आला की देवरूखच्या बाजारात गमबूट आणि प्लास्टिकच्या चपला दुकानाबाहेर टांगलेल्या दिसू लागतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातला बराचसा माणसांच्या पायांवरूनच वाहून जातो असं म्हटलं, तर लावणी केलेला कुणी हसणार नाही. तरीही भर व्याख्यानमालेत पायाच्या नखाचा विषय, म्हणून भुवया उंचावल्या असतीलच. सभागृहाच्या दाराशी चपला काढताना किती जणांनी अंगठा आत मुडपून घेतला, ते ज्याचं त्याला ठाऊक.

आधी एक गल्लत दूर केलेली बरी. चिखल्या आणि नखाची बुरशी ही दोन वेगळी दुखणी आहेत. दिवसभर खाचरात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यातली कातडी भिजून पांढरी पडते, सुटते, चरचरते. तिथे बुरशी असते, यीस्ट असतं, जिवाणूही असतात. पाय चार-आठ दिवस कोरडे राहिले की बऱ्याच चिखल्या आपसूक बऱ्या होतात. नखाचं तसं नाही. बेचक्यातली बुरशी नखाच्या मोकळ्या कडेखालून आत शिरते आणि केराटिन खात खात मुळाकडे सरकते. नख ज्या द्रव्याचं बनलेलं असतं, तेच हे केराटिन. टोक आधी पिवळसर होतं, मग नख जाड होतं, खाली भुसा साठतो आणि एक दिवस ते नेलकटरच्या तोंडात मावेनासं होतं.

चिखल्यांवर कोकणातल्या बायकांचा जुना उपाय मेंदीचा. पाला वाटून रात्री बेचक्यात भरायचा. याला अडाणीपणा म्हणायचं कारण नाही. मेंदीतलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य केराटिनला घट्ट धरून बसतं आणि प्रयोगशाळेत काही बुरशींची वाढ ते रोखतंही. पण जाड नखाच्या तळाशी दडलेल्या बुरशीपर्यंत मेंदी पोचत नाही, शिवाय तिच्या रंगाखाली नखाचा खरा रंग झाकला जातो. डॉक्टरांकडे जायचं असेल तर निदान त्या वेळी मेंदी आणि नेलपॉलिश नको. बिब्बा तर कधीच नको, त्याने कातडी भाजते.

नखाच्या या दुखण्यातली मुख्य गुन्हेगार म्हणजे ट्रायकोफायटन रुब्रम ही बुरशी. १९१० मध्ये सिलोनात आल्डो कॅस्टेलानी यांनी तिचं वर्णन केलं. अनवाणी चालणाऱ्या तिथल्या लोकांत ती अंगावरच्या गजकर्णाच्या रूपाने असायची. बंद बूट घालणाऱ्या युरोपियनांच्या पायात मात्र तिने घरच केलं, आणि पुढे जगभर पसरली. बूट म्हणजे तिचा उबदार, दमट गोठाच. म्हणून बारा तास बूट न काढणारा मुंबईतला सुरक्षारक्षक गणपतीला गावी येतो, तेव्हा त्याची नखं कधी कधी शेतात राबणाऱ्या भावापेक्षा वाईट असतात. घरात नेलकटर एकच असेल, तर पाहुण्याबरोबर बुरशीचाही मुक्काम लांबतो.

बिघडलेलं प्रत्येक नख बुरशीचंच असतं असं मात्र नाही. अशा नखांपैकी साधारण निम्म्यांमध्येच बुरशी सापडते. बाकीच्यांत सोरायसिस असतो, जुना मार असतो, तोकड्या बुटाचा दाब असतो. नखाखाली नवी काळी रेघ उठून रुंदावत असेल, तर तो क्वचित मेलॅनोमा हा कर्करोगही असू शकतो. तिथे मलमांचे प्रयोग करत बसू नये.

म्हणून तपासणी, आणि ती फार साधी आहे. सुटलेलं नख कापून टाकायचं, बुरशी जिथवर सरकली असेल तिथला भुसा खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून थांबायचं. केराटिन विरघळतं, बुरशी विरघळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गढूळ पाण्यातल्या गवतमुळांसारखे फाटे फुटलेले तंतू दिसतात. नमुना नुसत्या टोकाचा घेतला तर तिथे बरेचदा मेलेलीच बुरशी मिळते आणि अहवाल फसवा येतो.

याउलट आपल्याकडे तपासणीआधी ट्यूब येते. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज दोन दिवसांत बसते, बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. या सवयीच्या काळातच भारतात हट्टी गजकर्णाची लाट आली. तिच्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं, आणि टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. देशाचं नाव असं गाजावं, असं कुणाला वाटेल?

नखावर मात्र टर्बिनाफिन आजही पहिलं औषध आहे. पायाच्या नखासाठी रोज २५० मिलिग्रॅम, १२ आठवडे; डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि यकृताची तपासणी करून. ते चालत नसेल तर इट्राकोनॅझोल, पण कमजोर हृदयाच्या रुग्णांना ते देत नाहीत आणि इतर अनेक औषधांशी त्याचं पटत नाही. नुकतीच सुरुवात असेल तर अमोरोल्फिनचं लॅकर कानशीने नख घासून लावतात. मधुमेह्याने मात्र चालढकल करू नये. जाड नखाखाली जखम होते, ती त्याला कळतही नाही.

बुरशीच्या औषधांचा विषय निघाला की पिंपरीची आठवण निघतेच. १९५४ साली इंदिराबाई हळबे यांनी देवरूखात मातृमंदिर ही संस्था सुरू केली, त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी उभी राहिली. तिथल्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून शास्त्रज्ञ थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवलं. ते कँडिडासारख्या यीस्टवर चालतं, नखातल्या रुब्रमवर त्याचा उपयोग होत नाही. पण पुण्याजवळच्या मातीचं नाव औषधशास्त्रात गेलं, एवढा अभिमान चालून जावा.

गोळ्यांचे तीन महिने संपतात तेव्हा नख अजून कुरूपच असतं आणि रुग्ण औषधाला शिव्या घालतो. वास्तविक औषध नखात पुढेही काही महिने टिकून काम करत असतं. बिघडलेलं नख सुधारत नसतं, ते पुढे ढकललं जातं. नवं मागून येतं, तेही महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर. म्हणून चांगलं आणि वाईट नख जिथे भेटतं, तिथे काही डॉक्टर कानशीने एक बारीक खाच करून ठेवतात. मृगात मुळाजवळ केलेली खाच दिवाळीला साधारण अर्ध्यावर आलेली असते. दरम्यान पाय पुसायचे, चपला चुलीच्या उबेला वाळवायच्या, नेलकटर आपलं वेगळं ठेवायचं. सगळं सुरळीत गेलं, तर पुढच्या मृगाच्या सुमारास ती खाच नेलकटरच्या पात्याखाली येते.