एकच ऊन, दोन रीती



नवरात्रात घरोघरी घट बसतात. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उगवलेलं धान पिवळं का राहतं? उजेडाशिवाय त्याला हरितद्रव्य तयार करता येत नाही. दसऱ्याला टोपीत खोवेपर्यंत ते दाण्यातल्या पिठावर वाढतं. ती शिदोरी संपली की त्याची वाढही संपली.

तेच बी शिवारात पडलं तर हिरवं होतं आणि कमवू लागतं. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषतं. त्या जोरावर पाण्याचा रेणू फुटतो. पान सोडतं तो ऑक्सिजन या पाण्यातला. 1941 मध्ये रूबेन आणि केमन यांनी क्लोरेला या शेवाळावर ते दाखवलं. पाण्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या वाटचालीत एटीपी आणि एनएडीपीएच ही रसायनं तयार होतात. प्रकाशाची रासायनिक ऊर्जा होते ती इथे.

मग हवेतला कार्बन धरून साखर घडवायची. मेल्विन कॅल्विन यांनी ही वाट शोधली, तीही शेवाळावरच. किरणोत्सारी कार्बन द्यायचा, काही सेकंद उजेड दाखवायचा आणि शेवाळ गरम अल्कोहोलमध्ये सोडायचं. पहिला पदार्थ सापडला तो तीन कार्बनांचा. 1961 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. वेण्णा नदीकाठच्या खाचरातलं भात याच वाटेनं जातं.

अडचण हवेची आहे. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के. कार्बन धरणारं रुबिस्को हे एन्झाइम मधूनच ऑक्सिजन धरून बसतं आणि कमावलेला काही कार्बन परत हवेत जातो. उष्णता वाढली की हा तोटाही वाढतो.

आता बांध ओलांडून वरकस उतारावर चला. तिथे नाचणी उभी आहे. तिचं पान उन्हासमोर धरून भिंगातून बघा. भातापेक्षा शिरा दाट दिसतील. नाचणी, ज्वारी, मका, ऊस ही पिकं कार्बन आधी चार कार्बनांच्या आम्लात बांधतात आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडतात. तिथे तो इतका साठतो की रुबिस्कोला चुकायला फारसा वाव उरत नाही. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी 1966 मध्ये ही रीत मांडली, ती उसाच्या अभ्यासातून.

यामुळे पर्णरंध्रं कमी उघडली तरी भागतं, पाणी वाचतं. पण ही वाहतूक फुकट होत नाही, तिला जादा एटीपी लागतं. थंड हवेत तो खर्च परवडेलच असं नाही. हिवाळ्यातली आपली स्ट्रॉबेरी भाताच्याच रीतीनं चालते आणि तिचं काही अडत नाही.

तेव्हा नाचणीला हलकं पीक म्हणू नका. उन्हाला आपल्याकडे तोटा नाही. कार्बन मिळवताना पीक पाणी किती घालवतं, ते पाहायचं. पाणी तुंबतं तिथे भात आणि पाणी ठरत नाही त्या उतारावर नाचणी, ही वाडवडिलांची वाटणी पानाच्या रसायनशास्त्रालाही पटणारी आहे. उतारावरचं पीक बदलायचं ठरवाल, तेव्हा हा हिशेब आधी मांडा.