सुटकेसमधील औषधे आणि आपला आरोग्यविमा
(अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी आरोग्यावर बोलावयास सांगितले तेव्हा मधुमेह हा विषय आम्ही योजिला होता. परंतु गेल्या हिवाळ्यात आपल्यातीलच एक तरुण भगिनी आमच्याकडे आली आणि विषय बदलला. तिच्या चेहऱ्याची कातडी कागदासारखी पातळ झाली होती, गालांवर लाल शिरा उमटल्या होत्या, हनुवटीवर लव वाढली होती. चौकशी करता तिने पर्समधून एक ट्यूब काढली. "मावशीनं गावाहून पाठवलीय. लग्न ठरेपर्यंत लाव म्हणाली." ट्यूबवर बारीक अक्षरांत स्टेरॉइडचे नाव होते. इसबासारख्या विकारावर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस लावावयाचे ते औषध ती गोरी होण्यासाठी दोन वर्षे लावीत होती.

भारतात २०१८ साली अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली. तरीही ती मिळतात, हे गावी जाऊन आलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. मावशीला आम्ही दोष देत नाही. आपल्याच वधूवर मेळाव्यांच्या अर्जावर 'रंग' हा रकाना छापलेला असतो. जातीचा रकाना खोडणाऱ्या समाजाने हा रकाना कोणासाठी जपून ठेवला आहे?

रंगाचा हा रोग आपल्यापुरता नाही. बाइल्मरमधील आपल्या सुरिनामी आणि घानाच्या शेजाऱ्यांनाही तो ठाऊक आहे. युरोपात रंग उजळण्याच्या क्रीममध्ये हायड्रोक्विनोन घालण्यास २००१ पासून बंदी आहे; पारा त्याच्या कितीतरी आधीपासून निषिद्ध आहे. अन्न व ग्राहकवस्तू सुरक्षा प्राधिकरणाचे निरीक्षक दुकानातून नमुने उचलू शकतात, माल जप्त करू शकतात. पण लोणच्याच्या बरणीशेजारी कपड्यांत गुंडाळून आलेली ट्यूब कोण तपासणार? जेथे आपली सुटकेस उघडते तेथे कायद्याचा हात बहुधा पोहोचत नाही.

गोळ्या आणि चूर्णांचेही तेच. याच निरीक्षकांनी २००४ ते २००७ या काळात नेदरलँड्सच्या बाजारातून पारंपरिक आशियाई औषधांचे २९२ नमुने गोळा केले. त्यांपैकी १८६ नमुन्यांत पारा, आर्सेनिक किंवा शिसे आढळले. सगळेच घातक प्रमाणात नव्हते. सुमारे पाचव्या हिश्शाच्या बाबतीत शरीरात जाणारी मात्रा चिंताजनक होती. 'झाडपाल्याचे आहे, अपाय नाही' हे वाक्य आम्ही दवाखान्यात ऐकतो तेव्हा हे आकडे आठवतात. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते. डोळ्यांत घालावयाच्या सुरम्यातही ते असू शकते, हे तान्ह्या बाळाच्या आजीला कोणीतरी सांगितले पाहिजे.

इतके नियम कशाला, असे काही मंडळी विचारतात. आपल्या महाराष्ट्राने याचे उत्तर १९८६ साली दिले आहे. त्या वर्षाच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले. औषध म्हणून आलेल्या त्या द्रव्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. आम्ही तेव्हा शाळा संपवून डॉक्टर होण्याची स्वप्ने पाहत होतो. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने औषध खरेदी आणि औषध नियंत्रण या दोन्हींतील दोष उघड्यावर आणले. सरकारी इस्पितळात कोण जाते, हे आपणांस ठाऊक आहे. ज्यांना दुसरा दवाखाना परवडत नाही त्यांचा जीव त्या तपासणीवर अवलंबून असतो.

आता पैशाविषयी. अनेक घरांत आम्ही ऐकतो, "डॉक्टरकडे गेले की ३८५ युरो जातात." हा गैरसमज आहे. २००६ पासून येथे प्रत्येक प्रौढाला आरोग्यविमा सक्तीचा आहे. १८ वर्षांखालील मुलांना हप्ता नाही. कमी उत्पन्न असेल तर हप्त्यासाठी सरकारी अनुदान मिळते. स्वतःच्या खिशातून भरावयाचा वार्षिक हिस्सा २०१६ साली ३८५ युरो ठरला, पण हाउसआर्ट्सची, म्हणजे घरच्या डॉक्टरची, भेट त्यात धरली जात नाही. मात्र प्रौढांच्या रक्ततपासण्या, तज्ज्ञ डॉक्टर व बहुतेक औषधे त्यात धरली जातात, हे आम्ही लपविणार नाही. आणि ती रक्कम हप्त्यांनी भरण्याची सोय बहुतेक विमा कंपन्या देतात. त्या भगिनीने दोन वर्षांत ट्यूबांवर केलेला खर्च आम्ही मोजला नाही. घरच्या डॉक्टरच्या भेटीचे पैसे मात्र तिने हप्त्यातून आधीच भरलेले होते.

ही वर्गणीची कल्पना आपल्याला परकी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्या वाटेने पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. मालकाने भरावे, कामगाराने भरावे आणि आजारपणात कोणासमोर हात पसरावा लागू नये, हे त्याचे सूत्र.

त्या भगिनीची ट्यूब आम्ही एकाएकी बंद केली नाही. तसे केल्यास चेहरा आणखी भडकतो. हळूहळू कमी करीत चार महिने लागले. त्वचातज्ज्ञांकडेही पाठवावे लागले. आता ती बरी आहे, पण उन्हात अजून चेहरा जळजळतो.

भोजनानंतर सभागृहाच्या मागील टेबलाशी आम्ही बसणार आहोत. घरून काही आणले असेल तर दाखवा. नसेल तर वेष्टनाचे छायाचित्र पुरेसे आहे. कोणाचे नाव लिहून घेतले जाणार नाही. आणि जे औषध डॉक्टरांनी लिहून दिले आहे ते आमच्या भाषणावरून बंद करू नका.

जयभीम.