तपासणाऱ्याची मजुरी



ह्या व्याख्यानमालेत पंडितांनी बोलावे अशी रीत आहे. मी पंडित नव्हे. सातवीनंतर जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. संगणकाचा तर मी कारागीरही नाही. परंतु अलीकडे संगणकाच्या कंपन्यांत काम करणारी मुले आमच्या कचेरीत येऊ लागली आहेत. त्यांच्याकडून एका विलक्षण कारखान्याची हकीकत कानी आली आणि मी तिच्या मागेच लागलो.

ह्या कारखान्याला भिंत नाही, भोंगा नाही. त्याला ‘ओपन सोर्स’ म्हणतात. प्रोग्रामचा मूळ मजकूर सर्वांपुढे उघडा असतो. कोणीही तो वाचावा आणि त्यात दुरुस्ती सुचवावी. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने आरंभिलेले लिनक्स हे त्यातले मोठे उदाहरण. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. सुचवलेल्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. पॅच आला की त्या विभागाचा राखणदार, म्हणजे मेंटेनर, तो ओळ न् ओळ तपासतो. पटला तर घेतो, न पटला तर परत पाठवतो. भांडण लागते ते येथे.

पाठवणाऱ्याची तक्रार अशी की, रात्री जागून काम केले, आठवडेच्या आठवडे उत्तर नाही, आणि आले ते माझ्या कामाविषयी थोडे आणि माझ्या अकलेविषयी फार. ही तक्रार खोटी नाही. खुद्द टोरवाल्ड्स यांची जीभ तिखट म्हणून जगभर ठाऊक होती. २०१३ साली लिनक्समध्येच यूएसबीचे काम पाहणाऱ्या सेज शार्प यांनी ही भाषा चालणार नाही असे त्यांना सर्वांसमक्ष सुनावले. शार्प यांनी पुढे ते काम सोडले, आणि २०१५ मध्ये त्याचे कारण उघडपणे सांगितले. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी जाहीर क्षमा मागितली, काही आठवडे कामापासून दूर राहिले, आणि त्याच सुमारास लिनक्सने वर्तणुकीचे नवे नियम स्वीकारले. माणूस बदलतो, मात्र कोणीतरी उभे राहून बोलावे लागते.

आम्हा गिरणीवाल्यांना हे प्रकरण नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत कापडात दोष निघाला की साचेवाल्याची मजुरी कापत. सूत कच्चे आले असले तरी भुर्दंड त्यालाच. १९३६ च्या वेतन कायद्याने एवढे पदरात पडले की दंड करण्यापूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. कापड वाईट म्हणा, पण का वाईट ते सांगा, आणि माझेही ऐका. पॅच पाठवणारा ह्याहून अधिक काय मागतो?

पण येथवर येऊन थांबलो तर मी अर्धीच बाजू सांगितली असे होईल. गिरणीत कापड तपासणाऱ्याला निदान पगार होता. येथे कित्येक तपासणारे फुकट राबतात! लिनक्सच्या पुष्कळ राखणदारांना कंपन्या पगार देतात हे खरे. परंतु साऱ्या जगाला लागणारी अशी किती तरी लहान कामे आहेत की ज्यांची राखण एखादाच माणूस नोकरीधंदा सांभाळून करतो. त्याच्यापुढे कोणी तीन हजार ओळींचा गठ्ठा एकदम टाकतो आणि दुसऱ्या दिवशी विचारतो, ‘झाले का?’ मुलांनो, ही मुकादमी झाली.

‘एक्सझेड’ नावाचे एक अवजार आहे. फायली दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम, पण लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांत ते असते. फिनलंडचे लासे कोलिन हे वर्षानुवर्षे ते विनामूल्य सांभाळत होते. २०२२ साली त्यांच्यावर बोलण्यांचा भडिमार सुरू झाला: पॅच पडून आहेत, काम मेले आहे, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. कोलिन यांनी उत्तर दिले की आपले मन बरेच दिवस आजारी आहे, आणि हे बिनपगारी हौसेचे काम आहे. ते वाचून कोणी त्यांना आठवडाभराची रजा देऊ केली असती तर! शेजारी ‘जिया टान’ नावाचा एक मोठा कष्टाळू मदतनीस उभा होता. हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या.

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने माग काढला आणि २९ मार्चला बोभाटा केला, म्हणून आपण बचावलो. जिया टान कोण, हे अजून उघड झालेले नाही. भडिमार करणारी नावेही बनावट असावीत असा जाणकारांचा संशय आहे.

मला भय वाटते ते चोराचे नव्हे. चोराने वापरलेले शब्द अगदी प्रामाणिक माणसे रोज वापरतात तेच होते, म्हणून ते कोणाला खटकले नाहीत, ह्याचे भय वाटते. चिडलेला तपासणारा आणि थकलेला तपासणारा हे बहुधा एकच असतात. एकाला शिष्टाचार शिकवाल, पण दुसऱ्याला जोडीदार आणि पगार द्यावा लागेल. तो कोणी द्यावा? ह्या फुकटच्या मालावर ज्या कंपन्यांचे इमले उभे आहेत त्यांनी. ही मागणी आहे, विनंती नव्हे. आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध, निवाडाही त्याच्याच हाती, हेही बंद झाले पाहिजे. त्यासाठी तिसरा माणूस हवा.

कोलिन यांनी मात्र हात झटकले नाहीत. त्यांनी सारा मजकूर पुन्हा तपासायला घेतला, आणि मे २०२४ अखेर ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती स्वतःच काढली.