खेड्यातील कला आणि कलावंताची उपजीविका
(मीरा-भाईंदर येथे शिक्षक व पालकांसमोर केलेले भाषण)



मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे ही एकेकाळी या परिसराची ओळख होती. १९८५ साली येथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली. आपल्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलांचे आई-वडील कोकणातून वा घाटावरून आलेले आहेत. ही मुले शिमग्याला, गणपतीला गावी जातात, भजनात टाळ धरतात, जत्रेत दशावतार पाहत रात्र जागवतात आणि सुटी संपताच चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत परततात. अशा एखाद्या मुलाने चित्रकार वा नट होण्याची इच्छा बोलून दाखविली, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला : पोट कशावर भरणार? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. खेड्याने कला पुष्कळ दिली, पण कलावंताचे पोट क्वचितच भरले, हे आई-वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. म्हणून त्याचे उत्तर उदाहरणांनीच दिले पाहिजे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी ही कला पिढ्यान् पिढ्या सांभाळली. रामायण-महाभारतातील कथांची चित्रे पोथीसारखी एकत्र ठेवलेली असतात. कथेकरी एकेक चित्र समोर मांडतो आणि वाद्यांच्या साथीवर त्या प्रसंगाचे गायन-निरूपण करतो. हेच लोक कळसूत्री बाहुल्याही नाचवितात, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही करतात. संगीत, चित्र आणि नाट्य ही तिन्ही येथे एकाच घरात नांदतात. सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता तोवर या कलेला मान होता. आश्रय गेला, करमणुकीची नवी साधने आली आणि पोथ्या बासनात गेल्या. परशुराम विश्राम गंगावणे यांनी मात्र आपल्या घरचा गुरांचा गोठा रिकामा करून तेथे या चित्रांचे व बाहुल्यांचे संग्रहालय उभे केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पूर्वी कलावंत प्रेक्षकाच्या दारी जात असे. आता प्रेक्षक कलावंताच्या दारी येऊ लागला. उपजीविकेच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे. वारली चित्रे मुख्यतः स्त्रियांनी लग्नप्रसंगी कुडाच्या भिंतीवर काढावयाची, असा रिवाज. मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली आणि लग्नसराईची वाट न पाहता रोज काढली. भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने ती चित्रे बाहेरच्या जगापुढे नेली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. कुलकर्णी त्या पाड्यावर गेलेच नसते तर? या प्रश्नाने मी अस्वस्थ होतो, कारण प्रत्येक पाड्यावर कुलकर्णी जात नाहीत. शिक्षक मात्र जातो.

वाई तालुक्यातील पसरणीचे कृष्णराव साबळे लहानपणी बासरी वाजवीत. पुढे अमळनेरला त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. शाळा अर्धवट सुटली, पण ‘यमराज्यात एक रात्र’सारखी मुक्तनाट्ये आणि ‘महाराष्ट्राची लोकधारा’ त्यांच्या हातून उभी राहिली. त्यांच्या आवाजात घरोघर पोहोचलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ साली राज्यगीत झाले.

या तिघांनीही गाव टाकून दिले नाही; गावची विद्या नव्या जागी नेली. ही जागा मिळवून देण्यात आपण कोठे आहोत? ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना १९५४-५५ पासून आहे आणि ती आवश्यकच आहे. परंतु ती उतारवयातला आधार आहे. विशीतल्या तरुणाला आधार हवा तो तालमीच्या जागेचा आणि रोख बिदागीचा. गावच्या उत्सवात मंडपवाल्याचे बिल चुकते होते आणि भजनी बुवांची शाल-श्रीफळावर बोळवण होते, हे पंचायत सदस्यांनी आठवून पाहावे. शाळेतही तसेच. दहावीला चित्रकला व लोककला यांचे वाढीव गुण मिळतात, ही सोय चांगली. पण प्रमाणपत्र हाती पडले की कुंचला माळ्यावर जातो, आणि चित्रकलेचा तास गणिताला उसना दिला जातो तो परत मिळत नाही.

या शहरात आता लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. तेथे पोहोचण्याआधी मुलांना तालीम कोठेतरी करावीच लागणार. ज्या शाळांची सभागृहे रविवारी बंद असतात, त्यांच्या मुख्याध्यापकांनी किल्ली कोणाकडे द्यावयाची ते या सभेतच ठरवावे, एवढी माझी विनंती आहे.